पाणीपातळीचं पान: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

काम एवढंच, एक वेबपान: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी, नोंदीची वेळ, इशारा (३९ फूट) आणि धोका (४३ फूट) या दोन रेषा, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडे, आणि १०७७ या आपत्ती मदत क्रमांकाचा दुवा. आकडे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष जाहीर करतो तेच घ्यायचे. उद्या पाणी किती चढेल याबद्दल पानावर एक अक्षरही नको. तो अंदाज पाटबंधारेवाल्यांचा.

वाचणारा कोण हे आधी ठरवलं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सुतारवाड्यातलं घर, पहाटेचे चार, लाइट गेलेली, फोनला वीस टक्के चार्जिंग, टॉवर येतोय-जातोय. प्रयाग चिखलीतला गवळी, ज्याला गोठा आत्ता हलवायचा की उजाडल्यावर हे ठरवायचंय. आणि पुण्या-मुंबईतली पोरं, जी घरी फोन लावण्याआधी पान उघडतात. तिसऱ्या गटाला काहीही चालतं, त्यांच्या फोनवर सगळंच पळतं. पान पहिल्या दोघांसाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन शहर तुटलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा या दोघांकडे माहिती पोचली ती व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंतून. त्यातले काही आदल्या दिवशीचे असायचे.

५ मार्च

हाती असलेला नमुना रिॲक्टमध्ये (ब्राउझरमधले पडदे बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) आहे. दिसायला चांगला आहे. दाबलेल्या, म्हणजे कॉम्प्रेस केलेल्या, फाइलींचं माप घेतलं: रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम मिळून ४५ केबी, आलेखाची लायब्ररी ६८, तारखांसाठी मोमेंट सगळ्या भाषांसकट ७२, बटणं-चौकटींचा संच आणि पानांचे पत्ते सांभाळणारा राउटर ३३. एकूण २१८ केबी जावास्क्रिप्ट, एक आकडा दाखवायला.

४०० केबीपीएसची जोडणी सेकंदाला ५० केबी आणते. म्हणजे नुसतं उतरवायला साडेचार सेकंदांच्या आसपास, तेही मध्ये पॅकेट हरवलं नाही तर. त्यानंतर स्वस्त फोनचा प्रोसेसर ते वाचणार, चालवणार, मग आकड्यासाठी सर्व्हरकडे दुसरी फेरी मारणार. तोवर पडदा पांढरा.

वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. एचटीएमएल अर्ध्यात तुटलं तरी जेवढं आलं तेवढं ब्राउझर दाखवतो. पातळीचा आकडा पानाच्या सुरुवातीला असेल, तर बाकीचं न येताही काम होतं. जावास्क्रिप्टची फाइल ९५ टक्के आली आणि जोडणी तुटली, तर दिसतं काय? काहीच नाही. चांगल्या वायफायवर बसून हा फरक कधीच कळत नाही.

मोमेंट तर २०२० पासून फक्त देखभालीवर आहे. नवीन कामात ती घेण्याचं कारण उरलेलं नाही. तारीख मराठीत लिहायला ब्राउझरमधलं इंटल (भाषेप्रमाणे तारखा-आकडे लिहिणारी तयार सोय) पुरतं, आणि सर्व्हरवरच लिहून पाठवली तर तेही लागत नाही.

१० मार्च

निर्णय: लोकांसाठीच्या पानाला फ्रेमवर्क (रिॲक्टसारखा तयार सांगाडा) नाही. सर्व्हरवर पायथनची छोटी स्क्रिप्ट तयार एचटीएमएल फाइल लिहील, एनजिनएक्स हा वेबसर्व्हर ती देईल. सीएसएस, म्हणजे पानाच्या दिसण्याचे नियम, पानातच. पहिला मसुदा ब्रॉटली पद्धतीने दाबून ५.४ केबी भरतो.

लक्ष्य १४ केबीच्या आत राहण्याचं आहे. त्यामागचं कारण सांगितलं नाही तर पुढचा माणूस ते विसरणार. टीसीपी जोडणी, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातली डेटाची वाट, नवी असते तेव्हा सर्व्हर उत्तर येण्याची वाट न पाहता साधारण दहा पॅकेट पाठवतो. प्रत्येकात १४६० बाइट, म्हणजे १४,६०० बाइट. तेवढ्यात पान बसलं तर एकाच फेरीत येतं. कमजोर टॉवरवर एक फेरी अर्धा-एक सेकंद खाते, त्यामुळे दुसरी फेरी वाचवणं हीच खरी बचत.

यावर चर्चा झाली ती तंत्राची कमी आणि माणसांची जास्त. मुद्दा असा आला: पुढे सांभाळायला येणारी मुलं रिॲक्टच शिकून येतात, मग रिॲक्टच का नको? मुद्दा खोटा नाही. २०१३ मध्ये रिॲक्ट खुलं झालं तेव्हा त्याची बाजू तांत्रिक होती: मोठ्या, सतत बदलणाऱ्या पडद्याची स्थिती एका जागी धरणं. आज त्याचा सगळ्यात मोठा फायदा भरतीचा आहे. जाहिरातीत एक शब्द टाकला की अर्ज येतात, आणि एक माणूस गेला तर दुसरा तसाच मिळतो. कंपनीला ही सोय आहे, शिकणाऱ्यालाही नोकरी मिळते. राजारामपुरीतल्या क्लासच्या पाट्यांवर म्हणूनच सहा महिन्यांत फुल स्टॅक असतं. पण त्या सहा महिन्यांत फॉर्म, लेबल, एचटीटीपी आणि कॅशे हे चार विषय शेवटच्या आठवड्यात ढकललेले असतात किंवा नसतातच. मुलाखतीत रिॲक्टमधलं यूज-इफेक्ट विचारतात, बटणाच्या जागी डिव्ह (नुसती चौकट) का वापरू नये हे कोणी विचारत नाही. त्यात दोष मुलांचा नाही. बाजार जे मोजतो तेच शिकवलं जातं.

आणि गंमत अशी की हा धंदा दहा-पंधरा वर्षांत महाद्वारातून निघून, पूर्ण प्रदक्षिणा घालून, पुन्हा महाद्वारातच उभा आहे. १९९५ चं पीएचपी सर्व्हरवर एचटीएमएल बनवून पाठवायचं. मग सगळं ब्राउझरमध्ये नेलं. मग पहिलं पान हळू दिसतं म्हणून सर्व्हरवर बनवून ब्राउझरमध्ये पुन्हा जिवंत करायचं, म्हणजे तोच मजकूर एकदा एचटीएमएल म्हणून आणि एकदा जेसन, म्हणजे कच्चा डेटा, म्हणून, दोनदा पाठवायचा. २०२० च्या डिसेंबरात रिॲक्टने सर्व्हर कंपोनंट मांडले, म्हणजे पानाचे तुकडे पुन्हा सर्व्हरवरच बनवायचे. प्रदक्षिणेत काही मिळालं नाही असं नाही, कंपोनंटची शिस्त मिळाली. पण चालण्याचा खर्च वाचणाऱ्याच्या डेटापॅकमधून गेला.

१७ मार्च

फूट आणि इंच. या प्रकल्पातली सगळ्यात धोकादायक जागा ही आहे, फ्रेमवर्क नव्हे.

जाहीर होणाऱ्या पातळ्या कधी '३९ फूट १० इंच' अशा येतात, कधी ३९.१० अशा, कधी ३९'१०" अशा. मधल्या रूपातला बिंदू दशांश नाही, तो फूट आणि इंच वेगळे करणारा ठिपका आहे. संगणकाला हे कोण सांगणार? ३९.१० हे आकडा म्हणून साठवलं की ३९.१ होतं. मग ते ३९ फूट १ इंच वाचलं जातं, म्हणजे नऊ इंच गायब. शिवाय ३९.९ नंतर ३९.१० आलं की संगणकाच्या हिशेबात पाणी उतरलं. आलेखात रेष खाली जाते, प्रत्यक्षात नदी एक इंच चढलेली असते.

नियम:

साठवण फक्त पूर्ण इंचांत, पूर्णांक म्हणून. ३९ फूट म्हणजे ४६८, ४३ फूट म्हणजे ५१६, ३९ फूट १० इंच म्हणजे ४७८. तुलना, आलेख, चढ-उतार सगळं इंचांवर. फूट-इंच फक्त दाखवताना, बाराने भागून आणि बाकी काढून.

भरताना दोन वेगळ्या चौकटी, फूट आणि इंच. इंचात ० ते ११ सोडून काही आलं तर नोंद परत. एकाच चौकटीत बिंदू देऊन लिहिण्याची सोय मागितली गेली, ती दिली नाही. घाईत ती सोय वाटते आणि नेमकी घाईतच घात करते.

आधीच्या नोंदीपासून तासाला एक फुटापेक्षा जास्त फरक दिसला तर नोंद अडवायची नाही, फक्त विचारायचं: 'मागची नोंद अमुक, ही तमुक, बरोबर आहे?' अडवली तर खरोखर झपाट्याने चढणारं पाणी नोंदवताच येणार नाही.

पानावर चिन्हं नकोत, 'फूट' आणि 'इंच' हे शब्दच लिहायचे. फोनवरून दुसऱ्याला वाचून दाखवताना आणि टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्यालाही शब्दच उपयोगी पडतात.

२१ मार्च

मराठी आकडे. पानावर देवनागरी आकडे दाखवायचे, भरताना दोन्ही स्वीकारायचे, कारण कीबोर्ड मराठीत असेल तर ३९ असंच टाइप होतं. आता गंमत बघा. पायथनचं इंट हे फंक्शन '३९' बरोबर ओळखतं. जावास्क्रिप्टचं नंबर तेच घेऊन 'आकडा नाही' म्हणतं. पीएचपीचं इंटव्हॅल गुपचूप शून्य देतं. त्रुटी दाखवणारं परवडलं, शून्य देणारं नाही: पंचगंगा ० फूट. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकूर जुळवायच्या नमुन्यातला) डी, म्हणजे 'कुठलाही आकडा', हा फक्त इंग्रजी आकड्यांना लागू होतो, हेही लक्षात ठेवायचं.

इनपुटचा प्रकार नंबर ठेवला तर देवनागरी आकडे हाती येतीलच याचा भरवसा नाही. म्हणून प्रकार टेक्स्ट, आणि इनपुटमोड न्यूमेरिक, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो. फॉर्ममध्ये आधी देवनागरीचे इंग्रजी आकडे करायचे, मगच तपासणी.

२८ मार्च

फाँट. वेबफाँट घेतलेला नाही. अँड्रॉइडच्या फोनांत नोटोचा देवनागरी फाँट असतो, तोच वापरायचा. एका देवनागरी फाँटसाठी शंभर-दीडशे केबी घालवण्याचं हे पान नाही. एचटीएमएलच्या मुळाला लँग 'एमआर', म्हणजे भाषा मराठी, लावायचंच. ते असलं आणि फाँटमध्ये सोय असली तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. टॉकबॅकचा उच्चारही त्यावरूनच ठरतो. ओळींमधलं अंतर दीडपट तरी हवं, इंग्रजी साच्यातल्या १.२ ला वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. आणि लेटर-स्पेसिंग शून्य. ते वाढवलं की शिरोरेखा तुटते. तयार सीएसएस संच उचलले की शीर्षकांना हे अंतर हमखास लावलेलं सापडतं.

देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या लिपिसंकेतात तीन बाइट घेतं म्हणून मराठी पान जड होतं, असं ऐकू येतं. दाबण्याआधी ते खरं आहे. दाबल्यावर फारसं नाही, कारण त्या तीनपैकी पहिले दोन बाइट सतत तेच-तेच येतात आणि दाबणाऱ्याला पुनरावृत्तीच हवी असते.

४ एप्रिल

आलेख. लायब्ररी नाही. सर्व्हरवरच एसव्हीजी (मजकुरातून काढलेलं रेखाचित्र) लिहायचा: मागच्या ४८ तासांचे ४८ बिंदू, एक पॉलिलाइन, ३९ आणि ४३ च्या दोन आडव्या रेषा, तीन शब्द. सगळं मिळून दाबून एक केबीच्या आत. उभा अक्ष १० ते ६० फूट कायमचा बांधला. आलेखाच्या लायब्ररी अक्ष आपोआप जुळवतात, त्यामुळे दोन इंचांची चढण डोंगरासारखी दिसते आणि लोक घाबरतात. रंगांवर भिस्त नको: इशारा आणि धोका हे शब्द रेषेवरच लिहिलेले, आणि धोक्याची रेष तुटक.

११ एप्रिल

शिळी माहिती. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

पान ऑफलाइनही उघडावं म्हणून सर्व्हिस वर्कर (पान फोनमध्ये साठवून देणारी स्क्रिप्ट) लावायचा मोह होतो. पातळीच्या पानाला तो दुधारी आहे. रात्री दहाचा आकडा पहाटे चारला ताजा म्हणून दिसला, तर पान नसलेलं बरं. म्हणून क्रम असा: आधी नेटवर्क, चार सेकंद वाट, नाही मिळालं तर साठवलेलं पान, पण त्यावर जाड पट्टी: 'ही जुनी नोंद आहे. १०७७ ला विचारा.' आकडा पुसट करण्याची सूचना होती, ती नाकारली. कमी ब्राइटनेसवर पुसट आकडा वाचता येत नाही आणि माणूस अंदाजाने वाचतो.

वेळ आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत: 'सकाळी ७ ची नोंद'. 'तीन तासांपूर्वी' हे फोनच्या घड्याळावरून निघतं, आणि फोनची घड्याळं चुकलेली असतात. फरक उणे आला तर ते वाक्य लपवायचं आणि फक्त तारीख-वेळ ठेवायची.

जावास्क्रिप्ट न चालणाऱ्या फोनचं काय? त्यासाठी नवी नोंद नसली तरी दर १५ मिनिटांनी सर्व्हरवरचा क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) पान नव्याने लिहितो, आणि तीन तासांत नोंद आली नसेल तर तसं वाक्य एचटीएमएलमध्येच घालतो. लिहिताना थेट त्या फाइलीवर लिहायचं नाही. तात्पुरत्या नावाने, त्याच डिस्कवर लिहून मग नाव बदलायचं, नाहीतर नेमक्या त्या क्षणी आलेल्याला अर्धं पान मिळतं. कॅशे, म्हणजे साठवलेली प्रत, ६० सेकंदांचा. मूळ सर्व्हर पडला तर सीडीएनने (पानाच्या प्रती वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरांनी) शेवटचं पान देत राहायचं, त्यावर वेळ छापलेली आहेच.

व्हॉट्सॲपचं वेगळं प्रकरण. दुवा पाठवताना शीर्षकाचा जो तुकडा दिसतो तो पाठवणाऱ्याच्या फोनवर तेव्हाच तयार होतो आणि पुढे फॉरवर्ड होत राहतो. त्यात पातळी घातली तर ती दोन दिवसांनीही फिरत राहणार. म्हणून शीर्षकात आकडा नाहीच: 'पंचगंगा, राजाराम बंधारा: आत्ताची नोंद उघडून पाहा'. क्लिक कमी मिळतील की जास्त, हा या पानाचा प्रश्न नाही.

२१ एप्रिल

नोंदी भरणाऱ्यांचा पॅनल. इथे फ्रेमवर्क घेतलं, स्वेल्ट. विरोधाभास वाटेल, पण नाही. हा पडदा ठरावीक माणसांच्या फोनवर चालतो, एकदा उतरवून ठेवला की झालं, आणि इथे स्थिती खरोखर भरपूर आहे: न पाठवलेल्या नोंदी, पाठवत असलेल्या, अडकलेल्या, दुरुस्त केलेल्या, कोणी तपासल्या. हे सगळं साध्या जावास्क्रिप्टने डॉममध्ये (ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेत) हाताने सांभाळायला गेलं की महिन्याभरात स्वतःचंच एक फ्रेमवर्क तयार होतं, फक्त त्याला कागदपत्रं नसतात. स्वेल्ट कंपाइल होताना बराचसा भार तिथेच संपवतं, ब्राउझरकडे थोडंच जातं. व्ह्यूही चाललं असतं. प्रीॲक्टही. यावर भांडण्यात अर्थ नाही.

बॅकग्राउंड सिंकवर (जोडणी आली की आपोआप पाठवण्याच्या सोयीवर) विसंबलेलो नाही, तो क्रोमच्या कुळातल्या ब्राउझरांतच आहे. नोंद इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्याच साठवणीत, ठेवायची, जोडणी आली की पाठवायची, शिवाय दर मिनिटाला एकदा प्रयत्न. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक ओळखक्रमांक द्यायचा. सर्व्हरने तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर 'मिळाली' म्हणायचं, पण साठवायचं एकदाच. हे नसेल तर कमजोर नेटवर्कवर उत्तर हरवतं, फोन पुन्हा पाठवतो आणि एकाच पातळीच्या चार नोंदी होतात.

२८ एप्रिल

जुन्या फोनांवर चाचणी. कायओएस २.५ चा बटणांचा फोन, पडदा २४० बाय ३२०. त्यातला ब्राउझर फायरफॉक्स ४८ वर उभा आहे: सीएसएस ग्रिड (स्तंभांची मांडणी) नाही, जावास्क्रिप्टचं असिंक-अवेट नाही. पान एका स्तंभाचं असल्याने ग्रिडची गरज पडली नाही. स्क्रिप्टला टाइप मॉड्यूल लावलंय, तो ब्राउझर ती ओळखतच नाही आणि सोडून देतो. मोडकं काही चालण्यापेक्षा काहीच न चाललेलं चांगलं, खालचं एचटीएमएल पुरेसं आहे.

अँड्रॉइड ६ वर पान उघडलंच नाही, सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राची तक्रार. मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने जुन्या मूळ प्रमाणपत्राशी जोडलेली साखळी २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपवली, त्यामुळे ७.१ च्या आधीचे फोन ते मानत नाहीत. जुन्या मुळापर्यंत साखळी जाणारं प्रमाणपत्र घेतलं, उघडलं. 'सात वर्षांपूर्वीचे फोन आता कोण वापरतं' असं ऑफिसात म्हणणं सोपं आहे. फोन घरात खाली उतरतो: आधी मुलगा, मग वडील, मग आजी. आणि पुराच्या दिवशी घरात बहुतेक आजीच असते.

९ मे

एसएमएस. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, एका भागात ७० चिन्हं. त्यापुढे गेलं की भाग पडतात, प्रत्येकी ६७ चे, आणि पैसे दुप्पट. मात्रा, अनुस्वार सगळं मोजलं जातं. नमुना: 'राजाराम बंधारा ३९ फूट १० इंच, १४/७ स. ७ वा. इशारा ३९, धोका ४३.' ६२ चिन्हं. जावास्क्रिप्टचं लेंग्थ इथे बरोबर उत्तर देतं, कारण तेही तशीच चिन्हं मोजतं. डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजायची तर मात्र इंटलचं सेगमेंटर लागतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे साचा डीएलटीवर (कंपन्यांच्या नोंदणी-प्रणालीवर) आधी नोंदवावा लागतो. नंतर स्वल्पविराम हलला तरी संदेश नाकारला जातो, त्यामुळे बदलणाऱ्या जागा आत्ताच नीट ठरवायच्या.

छपाईचं सीएसएसही केलं: ए-फोर उभा, मधोमध पातळी आणि वेळ, खाली १०७७. तालमीच्या फलकावर लावायला. आलेख छापायचा नाही, चार तासांत तो निरुपयोगी होतो.

१६ मे

हस्तांतर. सार्वजनिक पानाला बिल्डची (कोडमधून चालणाऱ्या फाइली तयार करण्याची) पायरी नाही: पायथनची एक फाइल, एक साचा, बाहेरचं एकही पॅकेज नाही. हे मुद्दाम. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाच्या अकरा ओळी एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून काढल्या गेल्या आणि जगभरची बिल्डं अडली. रिॲक्टचा प्रकल्प सुरू करून देणारं क्रिएट रिॲक्ट ॲप २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे बाजूला पडलं. अँग्युलरजेएस या जुन्या फ्रेमवर्कचा आधार २०२१ संपताना संपला. चार-पाच वर्षांपूर्वीचा प्रकल्प उघडला की पहिल्यांदा नोड-सॅस (सीएसएस बनवणारं पॅकेज) कंपाइल होत नाही, तिथेच दुपार जाते. जुलैच्या मध्यरात्री ती दुपार कोणाकडे नसते. स्वेल्टचा पॅनल आहे म्हणून त्याची लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी), नोडची आवृत्ती आणि तयार बिल्ड तिन्ही रेपोत ठेवलं. पॅनल मोडला तरी साधा एचटीएमएल फॉर्म त्याच पत्त्यावर नोंद घेतो, हे तपासून झालं.

उरलेलं: डोमेनचं नूतनीकरण दोन वर्षांचं करणं आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरांत ठेवणं, त्यातलं एक घर पूररेषेच्या वर असावं. डीएलटीची मंजुरी यायची आहे. दरवाजांचा रकाना भरताना सातपेक्षा मोठा आकडा नाकारायचा, ही तपासणी पॅनलमध्ये आहे, साध्या फॉर्मच्या बाजूने सर्व्हरवर अजून घालायची आहे.